प्राणिसंग्रहालयातील उमेदवारी

प्राणिसंग्रहालय तुम्ही पाहिले असेलच. वाघासमोर तुम्ही किती वेळ उभे राहिला होता? दोन मिनिटे? फार तर पाच? वाघ झोपलेला असला तर ‘काय आळशी आहे!’ असे म्हणून आपण पुढे जातो. तो येरझाऱ्या घालत असला तर त्याच्या रुबाबाचे कौतुक करतो. पण दिवसाच्या चोवीस तासांपैकी पाच मिनिटे पाहून वाघाविषयी मत बनवणे म्हणजे पुस्तकाचे एक पान वाचून परीक्षेला बसण्यासारखे आहे. मग वाघ खरोखर कसा दिवस घालवतो, हे कसे कळणार?

हे शिकण्याची संधी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळू शकते. प्राणिशास्त्र, पशुवैद्यक किंवा वन्यजीवशास्त्र शिकणाऱ्यांना अनेक प्राणिसंग्रहालये काही आठवड्यांसाठी उमेदवार म्हणून घेतात. यालाच इंटर्नशिप म्हणतात. तेथे वाघाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायचे असते, अशी तुमची कल्पना असेल तर ती सोडून द्या. उमेदवाराच्या वाट्याला येतात तराजू, झाडू, वही आणि घड्याळ.

यांपैकी कोणतेच काम हलके नाही. रानात दुबळ्या प्राण्यावर शत्रूची नजर आधी जाते, म्हणून पुष्कळ वन्य प्राणी आजार शक्य तितका लपवतात. अशा वेळी उरलेल्या अन्नाचे वजन आणि विष्ठेचे स्वरूप पाहून आजाराची पहिली चाहूल लागते. स्वच्छतेचे नियम तर दोघांच्याही भल्याचे आहेत. प्राण्यांपासून माणसाला रोग होतात, तसेच माणसापासून प्राण्यांनाही होतात. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील एका वाघिणीला कोविडची लागण झाल्याचे आढळले. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांनाही ती झाल्याचे दिसून आले.

आता वही आणि घड्याळाकडे वळू. बंदिवासातील काही प्राणी एकाच वाटेवरून तासन्‌तास फिरतात, किंवा मान एकसारखी डोलावत राहतात. या हेतुहीन, ठरावीक हालचालींना आपण ‘एकसुरी वर्तन’ म्हणू. २००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधिकांनी मांसाहारी प्राण्यांविषयीची माहिती एकत्र करून दाखवले, की रानात ज्या जातींचा वावर मोठ्या प्रदेशात असतो, त्या जाती बंदिवासात अशा येरझाऱ्या अधिक घालतात आणि त्यांची पिल्लेही अधिक दगावतात. म्हणजे ज्या चालीचे आपण कौतुक केले, ती त्रासाचीही खूण असू शकते.

पण ‘हा बिबट्या फार येरझाऱ्या घालतो’ असे नुसते म्हणून चालत नाही. फार म्हणजे किती? आपले लक्ष चमकदार घटनांकडेच जाते. प्राणी गुरगुरला की आपण लिहितो, नुसता बसला की लिहीत नाही. १९७४ मध्ये जीन ऑल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने हा दोष टाळण्याच्या पद्धती एका लेखात नीट मांडल्या. त्या आजही जगभर वापरल्या जातात.

त्यातली एक सोपी पद्धत पाहा. आधी वर्तनसूची तयार करायची : झोप, बसून पाहणे, येरझाऱ्या, अन्य. मग ठरावीक वेळाने घड्याळाकडे पाहून त्या क्षणी प्राणी काय करतो तेवढेच नोंदायचे. समजा, पाच तास दर पाच मिनिटांनी एक, अशा ६० नोंदी झाल्या आणि त्यांत २४ वेळा येरझाऱ्या आढळल्या. म्हणजे प्रमाण ४० टक्के. आता मांसाचे तुकडे ओंडक्यांत लपवून ठेवले. दुसऱ्या दिवशी ६० पैकी १५, म्हणजे २५ टक्के नोंदी येरझाऱ्यांच्या आल्या. उपाय लागू पडला का?

घाई करू नका! अनेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. पहिला दिवस उपासाचा असेल तर? शिवाय मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचे कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी प्रेक्षकांना बंद असते. दुसरा दिवस असा शांत असेल तर? म्हणून उपायाआधीचे आणि नंतरचे कितीतरी दिवस, सारख्या परिस्थितीत पाहावे लागतात. कंटाळवाणे वाटते ना? पण याच आकड्यांवरून आवारात झाडे लावायची की आडोसा वाढवायचा, हे ठरू शकते. कंटाळून एखादी नोंद अंदाजाने भरली, तर तिची किंमत तो बिबट्या मोजतो. आणि त्याला तक्रार करता येत नाही.

नोंदीची भाषाही जपून वापरावी लागते. ‘बिबट्या उदास आहे’ ही नोंद नव्हे, ते तुमचे मत झाले. ‘बिबट्या भिंतीलगत सलग पाच फेऱ्या फिरला’ ही नोंद.

उमेदवारीसाठी महाविद्यालयामार्फत प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांकडे अर्ज करणे हा सरळ मार्ग. अर्ज करताना काम कोणते, मार्गदर्शक कोण आणि कोणत्या लसी घ्याव्या लागतील, हे आधीच विचारून घ्यावे. हिंस्र प्राण्याच्या आवारात उमेदवाराला जाऊ देत नाहीत. तसा हट्टही कधी धरू नये.

तुम्ही अजून शाळेत आहात, म्हणून वाट पाहत बसायला नको. घरचे मांजर, गोठ्यातली गाय किंवा शाळेच्या आवारातला कावळा निवडा. शिक्षकांच्या मदतीने वर्तनसूची करा. दोन मित्रांनी एकाच प्राण्याच्या ६० नोंदी वेगवेगळ्या वह्यांत घ्या आणि नंतर त्या ताडून पाहा. जेथे त्या जुळत नाहीत, तेथे तुमची सूची संदिग्ध आहे. ‘बसणे’ कोठे संपते आणि ‘झोप’ कोठे सुरू होते, यावर वाद झाला, की तुमची खरी उमेदवारी सुरू झाली असे समजा.