पाहुणी चित्रे

ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजचे ॲलन कलासंग्रहालय म्हणजे १९१७ सालची एक टुमदार वास्तू. मुलाकडे गेलो असता शरदात तेथे हारुनोबू या जपानी चित्रकाराचे लाकडी ठशांनी छापलेले एका तरुणीचे चित्र पाहिले आणि हरखून गेलो. वसंतात सौभाग्यवती आल्या, तेव्हा त्यांना मुद्दाम दाखवायला नेले. तर भिंतीवर भलतेच प्रदर्शन!

‘विकले की काय?’ मी विचारले.

तेथल्या बाई हसल्या. उजेडाने हे जुने रंग विटतात. फुलांपासून काढलेला निळा तर फारच नाजूक. म्हणून चित्र काही महिने मंद उजेडात मांडायचे, मग अंधारात विश्रांतीला पाठवायचे. मेरी एन्सवर्थ या इथल्याच माजी विद्यार्थिनीने १९५० साली मृत्युपत्राने दिलेली दीड हजारांवर जपानी चित्रे अशीच पाळीपाळीने बाहेर येतात.

गंमत अशी, की याच संग्रहालयाने १९४० पासून काही अस्सल चित्रे विद्यार्थ्यांना खोलीत टांगायला भाड्याने देण्याची प्रथा पाडली. कित्येक वर्षे भाडे सत्राला अवघे पाच डॉलर! मुले त्यासाठी रात्रभर रांग लावीत.

‘मग तुमची ती तरुणी पुन्हा कधी दिसणार?’ सौभाग्यवतींनी विचारले.

बाईंना काही सांगता येईना. आमची परतीची तिकिटे पुढल्याच आठवड्याची होती.