मधाची लूट आणि हिवाळ्याची बेगमी

मुलांनो, मधमाशी कष्टाळू असते हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. पण तीच मधमाशी वेळ आली की दरोडाही घालते!

मार्च-एप्रिलमध्ये मेलबर्नच्या परिसरात फुले कमी होतात. पेट्यांमध्ये कामकरी माश्या मात्र अजून हजारोंनी असतात. मकरंद मिळेना, की त्या शेजारच्या अशक्त पेटीतला तयार मध पळवू लागतात. याला लूट म्हणतात.

लूट कशी ओळखावी?

दुपारी पेटीसमोर गर्दी दिसली म्हणजे लूटच असे नाही. कोवळ्या माश्या पेटीकडे तोंड करून घिरट्या घालतात आणि घराची खूण लक्षात ठेवतात. त्या भांडत नाहीत. लुटारू माशी दारासमोर डावी-उजवीकडे झोके घेते, झाकणाच्या फटी हुंगते. दारात माश्या एकमेकींना धरून लोळतात. खाली मेलेल्या माश्या आणि मेणाचा भुगा दिसतो.

यात लुटणाऱ्याचेही नुकसान असते. फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाचे बीजाणू मधातून त्याच्या घरी पोचतात. व्हरोआ नावाचा बारीक, तांबूस परजीवी २०२२ साली न्यूकॅसल बंदराजवळ सापडला आणि आता तो व्हिक्टोरियातही आला आहे. तोही लुटारूंच्या अंगाला चिकटून येतो. चोरीच्या मालाबरोबर रोग फुकट!

उपाय काय?

१. दार लहान करावे. एक-दोन माश्या जातील एवढीच फट ठेवली, तर थोड्या पहारेकरणीही पुरतात. या दिवसांत त्रास देणाऱ्या गांधीलमाश्यांनाही याने आळा बसतो.

२. दारासमोर जाळी लावावी आणि वाट जाळीच्या वरच्या टोकाला ठेवावी. लुटारू मधाच्या वासावर येतात, म्हणून सरळ जाळीवर आदळतात. घरच्या माश्या नवी वाट लवकर शिकतात.

३. मध किंवा साखरपाणी बाहेर सांडू देऊ नये. रिकाम्या केलेल्या चौकटी उघड्यावर ठेवू नयेत. दुसऱ्याचा मध माश्यांना कधीही खायला घालू नये.

४. लूट सुरू झालीच तर पेटी ताबडतोब बंद करून वर ओली चादर टाकावी, दाराची फट मात्र मोकळी ठेवावी.

हिवाळ्याची तयारी

थंडीत माश्या झोपत नाहीत. त्या एकमेकींना बिलगून गोळा करतात आणि पंखांचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. त्यासाठी इंधन एकच, मध. म्हणून सगळा मध आपण काढून घेऊ नये. भरलेल्या मोठ्या चौकटीत सुमारे अडीच किलो मध असतो. पेटी मागून किंचित उचलून पाहिली की साठ्याचा अंदाज येतो. हलकी वाटली तर दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा पाक संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवावा.

रिकामा मजला काढून टाकावा, म्हणजे ऊब वाया जात नाही. राणीला अडवणारी जाळीही काढावी. नाहीतर माश्या मधाकडे वर सरकतात आणि राणी खाली थंडीत राहते. ट्रुगानिना उघड्या माळावर आहे, तेव्हा वाऱ्याला आडोसा हवा. दार उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे ठेवावे, कारण इथे हिवाळ्यात सूर्य उत्तरेला असतो. पेटी पुढे थोडी कललेली असावी, म्हणजे पाणी आत साचत नाही.

खरी उपासमार बहुधा हिवाळ्याच्या शेवटी होते. ऑगस्टमध्ये वॅटल फुलते, पराग मिळतो आणि राणी जास्त अंडी घालू लागते. खाणारी तोंडे वाढतात, पण वॅटलमध्ये मकरंद नसतो.

पालकांना महाबळेश्वर आठवत असेल. तिथे सातेरी माश्यांचा कठीण काळ म्हणजे पावसाळा. तेव्हा तिथले मधपाळही माश्यांना साखरेचा पाक देतात. ऋतू वेगळा, बेगमी तीच.

व्हिक्टोरियात एकच पेटी ठेवली तरी सरकारकडे नोंदणी करावी लागते. ते योग्यच आहे. आपली पेटी अशक्त राहिली तर तिचा रोग सगळ्या गल्लीत पसरतो.

नवे शब्द

मकरंद – फुलातला गोड रस
पराग – फुलातली पिवळी भुकटी
बेगमी – पुढच्या दिवसांसाठी केलेला साठा
मधपाळ – मधमाश्या पाळणारा

सांगा पाहू! जाळी लावल्यावर लुटारूंना वाट का सापडत नाही?