माथेरानची टोपीवाली माकडं

दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतल्या कॅप्युचिन माकडांना नाव मिळालं ते युरोपातल्या साधूंवरून. सोळाव्या शतकात इटलीत कॅप्युचिन पंथ निघाला. टोकदार टोपडं असलेला झगा ही त्याची ओळख. फिकट चेहरा आणि डोक्यावर गडद केस असलेलं माकड पाहून युरोपियनांना हेच साधू आठवले.

कर्जत तालुक्यातल्या माथेरानची माकडंही टोपीवरूनच ओळखली जातात. इंग्रजीत ती ‘बॉनेट मकाक’. शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्र्वा सांतिलेर यांनी ते १८१२ मध्ये दिलं. तिथल्या दस्तुरी नाक्यावर एखादं माकड मान खाली घालून दाणे वेचू लागलं, की या नावांचं कारण नीट दिसतं. टाळूच्या मध्यापासून केस चहूबाजूंना पसरलेले, कपाळ मात्र उघडं. गाल फुगलेले असतात, कारण खाणं आधी गालातल्या पिशवीत कोंबायचं आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश चावायचं, ही त्यांची रीत.

काळतोंड्या वानराला अशी पिशवी नसते. त्याचा भर पानांवर, आणि ती पचवायला पोटात अनेक कप्पे.

टोपीवाली माकडं मूळची फक्त भारतीय द्वीपकल्पातली. त्यांची संख्या घटते आहे. माथेरानला गेलात तर त्यांना जरूर न्याहाळा, पण वेफर्स आणि बिस्किटं देऊ नका.