दोन वाट्यांचा एक

पेठच्या आठवडे बाजारात भाजी तोलून कमी आणि वाटे लावून जास्त विकली जाते. नाशिक-धरमपूर रस्त्यावरच्या या गावी पाड्यांवरून येणाऱ्या कोकणा, महादेव कोळी, वारली बाया डोक्यावरच्या पाटीत मावेल तेवढाच माल आणतात. पावसाळ्यात फोडशी, टाकळा, कर्टुली, बांबूचे कोंब. एरवी वांगी, मिरच्या, वाल. गोणपाट अंथरले, वाटे मांडले की दुकान तयार. नासाडी रोखण्याचे पहिले काम पाटीच करते, कारण तिच्यात जास्त मावत नाही.

तोडलेल्या भाजीचे श्वसन थांबत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून तोडणी पहाटेची आणि पाटीवर ओले फडके. जुन्या विक्रेत्या पालेभाजीवर हातानेच पाणी शिंपडतात. कर्टुल्यांना मात्र कोरडेच ठेवतात, कारण ओल राहिली की बुरशी धरते. पिकल्या टोमॅटोंतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची पाने पिवळी पडतात, त्यामुळे दोघांत अंतर हवे.

व्यापाऱ्यांचा टोमॅटो जाळ्यांमधून येतो. जाळीवर जाळी चढते, तळचे फळ चेपते आणि दुपारी आंबूस वास सुटतो. लुधियानाच्या 'सिफेट' या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये काढणीपासून विक्रीपर्यंतची देशातली हानी मांडली: टोमॅटो १२.४४ टक्के, पेरू १५.८८ टक्के.

हा १२.४४ चा हिशेब पाटीवालीला मात्र बसत नाही. ऊन कलले, पाने मलूल पडू लागली की ती दोन वाट्यांचा एक करते, भाव तोच. थोड्या वेळाने आणखी दोघांचा एक. परतीची जीप निघायच्या आत गोणपाट मोकळे व्हायलाच हवे. एवढे करूनही उरले तर शेळ्या आहेतच. म्हणजे भाजी जवळपास सगळी खाल्ली जाते, नासते ती तिची कमाई. उकिरडा मोजणाऱ्याला ही हानी दिसत नाही, आणि योजना तर बहुधा उकिरडा पाहूनच आखल्या जातात.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झालेला शून्य ऊर्जा शीतकक्ष हा एक स्वस्त उपाय. विटांच्या दोन भिंती, मधल्या सुमारे साडेसात सेंटिमीटर फटीत ओली वाळू, वर गवताचे झाकण. बाष्पीभवनामुळे कडक उन्हाळ्यात आतले तापमान १० ते १५ अंशांनी उतरते. पेठला तो अडतो हवामानापाशी. रानभाज्यांच्या हंगामात हवाच इतकी ओली की बाष्पीभवन होईना. उन्हाळ्यात हवा कोरडी, पण तेव्हा पाड्यावर प्यायच्या पाण्याचीच ओढाताण. त्या दिवसांत वाळूवर घागर रिकामी करा, असे सांगणाऱ्याने आधी ती भरून आणावी.

वाळवण इथे नवे नाही. वळवाने पाडलेल्या कैऱ्यांची आंबोशी होतेच. सौर वाळवणी यंत्रे खेड्यांतल्या महिलांपर्यंत नेणाऱ्या महाराष्ट्रातल्याच 'एसफोरएस टेक्नॉलॉजीज'ला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. पण अशा यंत्राला एका जातीचा भरपूर माल लागतो. गोणपाटावर उरलेले चार वाटे, तेही चार भाज्यांचे, त्याला पुरत नाहीत.

राहते सावली. पत्र्याचे छप्पर, बसायला ओटा आणि पाण्याचा नळ एवढ्याने पाने उशिरा मलूल पडतील आणि वाटे एकत्र करण्याची वेळ पुढे सरकेल. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर विक्री समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. पेठला नगरपंचायत आहे. आठवड्यातून एकदाच बसणाऱ्या पाड्यांवरच्या बायांनाही या समितीत विक्रेत्या म्हणून मोजले, तर छपराची मागणी तिथूनच पुढे जाऊ शकते.