ज्वारीचा दाणा: बी नव्हे, अख्खं फळ!

आपल्या बुलडाण्यात मोताळा-मलकापूरकडे आता मकाच मका. तरी ज्वारीचा दाणा एकदा भिंगाखाली बघाच. आंब्याचा गर कोयीपासून सुटतो. ज्वारी ज्यातली, त्या गवताच्या कुळात मात्र फळाची साल बीच्या आवरणाला कायमची चिकटते, म्हणून दाणा हेच अख्खं फळ. ज्वारीच्या बऱ्याच वाणांत तर या सालीतही स्टार्चचे कण असतात. पिकलेल्या गव्हात ते नसतात!

दाणा उभा चिरा. बाहेरून कडक, अर्धपारदर्शक थर, आत पांढरा पिठूळ भाग, बुडाशी अंकुर. कडक थर जास्त असला की वाफ आत कोंडते आणि लाह्या छान फुलतात.

दाणा पक्व झाला की बुडाशी काळा ठिपका येतो, म्हणजे ताटाकडून येणारं अन्न बंद. कोवळ्या हुरड्यात तो शोधू नका, सरळ खा.