कातळातलं अर्थिंग

तीन पिनांचा प्लग हातात घेऊन नीट बघा. वरची पिन खालच्या दोन पिनांपेक्षा जाड असते आणि लांबही. ही लांबी मुद्दाम ठेवलेली आहे. प्लग लावताना ही पिन सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. वीज यायच्या आधीच यंत्र जमिनीशी जोडलेलं असावं, यासाठी! त्या काही मिलिमीटरमध्ये केवढा विचार दडलाय.

शाळेतले संगणक, चौकातले कॅमेरे एकमेकांशी जोडणारा पत्र्याच्या पेटीतला नेटवर्क स्विच याच पिनेच्या भरवशावर चालतो. आतला पॉवर सप्लाय २३० व्होल्टच्या एसीची डीसी करतो. या कामात उठणारा विजेचा गोंगाट पेटीकडे वळवायला दोन चिमुकले कपॅसिटर असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग नसेल तर पेटी दोघांच्या मधोमध अधांतरी राहते. मीटरवर ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात, बोटांना मुंग्या येतात. तो प्रवाह क्षीण असतो. पण आतली फेजची वायर कधी पत्र्याला टेकली, तर जिवावरच बेतेल.

आता त्या वरच्या पिनेची ही तिसरी वायर जाते कुठे? जमिनीत. आणि दौलताबादसारख्या गावातली जमीन म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा! तिथल्या देवगिरीच्या किल्ल्याचा खंदक ज्या काळ्या कातळात कोरलाय, तो कोरडा असला की विजेला सहजासहजी वाट देत नाही. काळी माती आणि ओला मुरूम मात्र देतात. म्हणून खड्डा खणून त्यात पाइप, कोळसा, मीठ घालतात, पाणी ओततात.

कातळाचा अडथळा किती महाग पडतो, ते बघा. अर्थिंग केवळ त्या खड्ड्यावरच असेल आणि त्याचा रोध १०० ओहम असेल, तर २३० व्होल्टला प्रवाह निघतो जेमतेम २.३ अँपिअर. १० अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलत नाही, पेटी तशीच जिवंत! गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र क्षणात पडतो, कारण त्याला एवढी गळतीसुद्धा पुष्कळ झाली. खडकाळ गावात हे उपकरण मला चैन वाटत नाही, ती गरज आहे.

जोडण्याचा क्रमही त्या पिनेसारखाच. बटण बंद ठेवा. पेटीच्या मागे अर्थचा स्क्रू असेल तर त्याची हिरवी वायर आधी आवळा. मग केबल स्विचमध्ये, मग प्लग भिंतीत, बटण सगळ्यात शेवटी. काढताना उलट. अ‍ॅडाप्टरवाला छोटा स्विच असेल तर त्याचाच अ‍ॅडाप्टर वापरा.

उन्हाळा लागला की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, इलेक्ट्रिशियनकडून त्याचा रोध मोजून घ्या. आणि दोन पिनांच्या बोर्डात बसवायला म्हणून ती तिसरी पिन कधीही मोडू नका.