यंदा सीझन पुरा होऊ दे!

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला, की कोल्हापुरातल्या पेठांमध्ये एक वेगळीच कुजबुज सुरू होते. 'तो राहिला का?' 'किती मागतोय?' 'गोलकीपरचं काय ठरलं?' बाहेरगावच्या पाहुण्याला वाटावं, कुणाच्या सोयरिकीची बोलणी चालली आहेत. सोयरिकीइतकीच ती नाजूक असतात म्हणा! कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे केएसएकडे, खेळाडूंची नोंदणी आटोपली की शाहू स्टेडियमवर लीग, आणि मग पावसाळा जवळ येईपर्यंत एकामागून एक चषक. वरिष्ठ गटातले १६ संघ आणि त्यांच्यामागे उभं असलेलं अर्धं गाव. या गावाला आपण 'समर्थक' म्हणतो. हंगामाआधीचे हे चार-सहा आठवडे त्याला नीट झोप नसते.

कोल्हापूर म्हटलं की परक्यांना कुस्ती, तांबडा-पांढरा आणि चप्पल आठवते. पण इथला फुटबॉलही तालमीच्याच अंगणात वाढला, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगावं लागतं. संघांची नावंच पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. जिथं आजोबांनी लाल मातीत अंग घुसळलं, तिथंच नातवाची जर्सी वाळत असते. हीच तालीम गणपती बसवते आणि कित्येक ठिकाणी मोहरमचा पंजाही. त्यामुळे कोल्हापूरकराला आपला संघ निवडावा लागत नाही. ज्या बोळात जन्मला, त्या बोळाचा तो झाला. शिवाजी पेठेत तर शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा आणि संध्यामठ हे संघ एकमेकांच्या शेजारी. सामन्याच्या दिवशी सख्खे मावसभाऊ दोन बाजूंना बसतात आणि रात्री एका पंगतीला जेवतात. जेवताना विषय मात्र दुसराच काढावा लागतो.

म्हणूनच एखादा खेळाडू या तालमीतून त्या तालमीत गेला, तर ती बातमी घर सोडून गेलेल्या पोरासारखी लागते. पूर्वी पेठेचा खेळाडू पेठेतच खेळून निवृत्त व्हायचा, असं म्हातारी माणसं सांगतात. त्यात थोडा आठवणींचा गूळ असेलही. आज चांगल्या खेळाडूला मानधन मिळतं आणि जिथं जास्त मिळेल तिथं तो जातो. त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. गुडघा गेला की पेठ काही त्याचा संसार चालवणार नसते. पण मानधनाचा पैसा उभा करायचा, तर वर्गणी पुरत नाही. मग पुढारी येतात, त्यांचे फलक येतात. चषकांच्या नावांवरून नजर फिरवली, तरी गावच्या राजकारणाची निम्मी यादी वाचून होते.

दुसरी काळजी परगावच्या खेळाडूंची. गोव्यापासून थेट नायजेरियापर्यंतचे खेळाडू इथं येऊन खेळले आहेत. त्यांच्या लांब पल्ल्याच्या फटक्यांवर लोक खूश असतात, पोरं त्यांच्यामागून फिरतात, आणि कुणा मावशींच्या हातची भाकरी-आमटी त्यांच्याही अंगवळणी पडते. खेळ वाढला, हे खरं. पण जिंकण्याच्या घाईत पेठेतलं अठरा वर्षांचं पोरगं बाकावर बसून राहतं, त्याचं काय? २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, पुढं इंडियन सुपर लीगमध्येही दिसला. त्याचं नाव घेऊन आपण छाती फुगवतो. त्याच्यामागून येणाऱ्या पोराला मैदानावर किती मिनिटं मिळतात, हे कुणी मोजत नाही.

या दोन्ही काळज्या मात्र तिसरीपुढं फिक्या आहेत. सीझन पुरा होईल का? मार्च २०२० मध्ये कोरोनानं जगच थांबवलं, तिथं आपलं स्टेडियम कुठलं चालायला! त्याबद्दल कुणाला दोष द्यायचा? पण इतर वेळी खेळ थांबतो, तो आपल्याच माणसांमुळे. आधी मोबाइलवर एकमेकांच्या पेठेला डिवचणारे स्टेटस, मग गॅलरीतून बाटली, मग दगड, मग स्टेडियमबाहेर पळापळ आणि पोलिसांच्या काठ्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गोलाची बातमी चार ओळींची आणि हाणामारीची चार कॉलमची.

गुन्हा दाखल होतो तेव्हा कलमं कुठली लागली, ते वकिलाला कळतं. आईला कळतं ते एवढंच, की पोराची पोलीस भरती अडकली. चारित्र्य पडताळणीच्या कागदावर त्या एका दुपारची नोंद निघते. पासपोर्टला अडचण, नोकरीला अडचण. दगड मारणारा वीस वर्षांचा असतो आणि त्याला चिथावणारा बहुधा घरी चहा पीत बसलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर बारावी-दहावीची परीक्षा आणि लीगची रंगत एकदमच येतात. 'अभ्यासाला मित्राकडं गेलाय' हे वाक्य त्या दिवसांत कोल्हापुरातली कुठलीच आई खरं मानत नाही. तिचा राग फुटबॉलवर नाही. तिच्या नवऱ्यानं आणि सासऱ्यानंही याच गॅलरीत घसा बसवून घेतला आहे.

तेव्हा बंदोबस्त वाढवा, तिकिटं वाढवा, हे उपाय केएसएनं आणि पोलिसांनी करावेत. मला वाटतं, तालमीची पन्नाशी उलटलेली माणसं पोरांच्या मधोमध येऊन बसली, तर जास्त काम होईल. मास्तरांसारखी दंडुका घेऊन नव्हे, शेंगा खात. आपल्या चुलत्यासमोर शिवी घालायला कोल्हापुरी पोरगं अजून कचरतं. आणि लेकीला, नातीला बरोबर आणा. दुपारच्या उन्हासाठी टोपी आणि पाण्याची बाटली तेवढी घ्या.

नोंदणीच्या याद्या आता लागतील. लोक आधी बघतील, नवा परदेशी स्ट्रायकर कोण. तुम्ही यादीच्या खालच्या टोकापासून वाचायला सुरुवात करा. तिथं कुठंतरी तुमच्या बोळातल्या पोराचं नाव असेल. त्याच्या पहिल्या सामन्याची तारीख लिहून ठेवा.